शाल

केंटकीच्या डोंगरात एक ओढा आहे,
नाव ट्रबलसम, म्हणजे त्रासदायक.
नाव ठेवणाऱ्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं.
आम्ही कृष्णेला आई म्हणतो,
तरी ती दर काही वर्षांनी माळ्यावर चढतेच.

मी मिरजेच्या पाणी तपासायच्या लॅबमधली.
सोबत बाटल्या, क्लोरीनच्या गोळ्या, गमबूट
आणि निघताना संस्थेच्या अध्यक्षांनी हातात कोंबलेली
एक शाल, जरीकाठाची, घडी न मोडलेली.
"तिथल्या पुढाऱ्याचा सत्कार करा. फोटो पाठवा."
नारळ विमानतळावर काढून घेतला.

शाळेच्या हॉलमध्ये दीडशे खाटा.
चिखलाचा तोच वास.
डोळे मिटले तर सांगलीवाडी.
मी पुढारी शोधू लागले.
डोळ्यांना सवय असते :
मागे चार माणसं असतील, पुढे पोट असेल,
मदतीच्या पोत्यावर हसरा चेहरा असेल.
पोत्यांवर फक्त 'तांदूळ' लिहिलं होतं.

जो तो म्हणायचा, आर्लिसला विचारा.
आर्लिस स्लोन. शाळेची बस चालवतो,
त्यातून वेळ उरला की गावचा मेयर.
जनरेटरखाली आडवा पडला होता,
आधी बूट भेटले, मग तो.
मी भाषणाच्या तयारीनं उभी,
तर त्यानंच विचारलं,
"पाणी उतरलं की तुमच्याकडे आधी काय करतात?"
विहिरी, मी म्हटलं. आधी विहिरी.
त्यानं तळहातावर बॉलपेननं लिहून घेतलं.
इतक्या वर्षांच्या नोकरीत
माझं बोलणं कुणी हातावर लिहिलं नव्हतं.

मग बस, घाट, तुटके पूल,
एकेचाळीस विहिरी.
प्रत्येक दारात टोपी काढून तो माझ्या मागे उभा :
"या पाण्यातल्या जाणकार. मी ड्रायव्हर."

चौथ्या दिवशी त्यानं टँकर भलत्याच खोऱ्यात पाठवला.
वरच्या वस्तीवर बाळं दिवसभर तहानलेली.
रात्री जेवणाच्या पंगतीत तो उठला,
"चूक माझी. सकाळी सहाला मी स्वतः पाणी नेतो,"
आणि खाली बसून घेवडा खाऊ लागला.
टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही.
कुणीतरी मक्याची भाकरी त्याच्याकडे सरकवली.
मला तर घास गिळेना.
आमच्याकडे अशा वेळी
चौकशी समिती नेमतात.

सहाव्या दिवशी मोज्यांची रांग.
सगळ्यात शेवटी आर्लिस,
"अकरा नंबरचे उरलेत का?"
नव्हते. नऊ नंबरचे घेऊन गेला.
वाटणारी डेल्फा म्हणाली,
"त्याचं घर? ते पहिल्याच रात्री गेलं.
तुम्हाला माहीत नव्हतं?"
मी त्याला तीन वेळा विचारलं होतं,
घरचे सगळे बरे ना?
तो म्हणाला होता, सगळे बरे.
खरंच होतं ते. घरचे बरे होते.

त्या संध्याकाळी मी शाल काढली.
आमच्याकडे अशी पद्धत आहे, म्हटलं.
सहा फुटांचा माणूस गुडघ्यांत वाकला,
माझा हात पोचावा म्हणून,
आणि गणवेशाचं माप द्यायला उभ्या राहिलेल्या
पोरासारखा गप्प उभा राहिला.
फोनमध्ये तीन टक्के बॅटरी.
"ही आता माझी?"
तुमचीच.
"मग तिचं मी काहीही करू शकतो?"

बायकांच्या न्हाणीला दार नव्हतं.
सकाळी बघते तर तिथे शाल,
चार चिमटे, जरीचा काठ वर,
आतून वाफ,
आणि आठवड्यानं ऊन पाणी अंगावर घेणाऱ्या
एक्क्याऐंशी वर्षांच्या ओपलबाई,
निसटणाऱ्या साबणाला शिव्या घालत.

मी तोच फोटो पाठवला.
अध्यक्षांचा निरोप आला :
"सत्कारमूर्ती दिसत नाहीत."

उत्तर द्यायचं राहून गेलं.
बाहेर बसचा हॉर्न वाजत होता,
अजून नऊ विहिरी होत्या.